दुपारी दोन चाळीसची वेळ

प्रिय धाकट्या,

हातानं लिहिलेलं पत्र बघून हसू नकोस. गेली चार वर्षं फोनवर आपलं बोलणं आई कशी आहे आणि बरी आहे यापलीकडे जात नाही, आणि मला जे सांगायचंय ते तेवढ्यात मावणारं नाही. शिवाय फोनवर तू मधेच तोडतोस. कागदाला मधे तोडता येत नाही, फार तर फाडता येतं. तेही शेवटपर्यंत वाचून झाल्यावर फाड.

गुरुवारी दुपारी दोन चाळीसला आई निघतेय. मी तुला सगळं कळवलंच होतं आणि तू नेहमीसारखं एका शब्दाचं उत्तर पाठवलंस. आमच्या विमानतळावरून थेट तुझ्या गावी जाणारं हे पहिलंच विमान. मधे कुठे उतरायचं नाही, बदलायचं नाही. अकरा तास एका जागी बसायचं आणि दार उघडलं की तुझं गाव. तिकडच्या घड्याळात ते पहाटे सहाला पोचतं. ज्या माणसाला शाळेसाठी उठवायला मला ओला टॉवेल लागायचा तो पहाटे सहाला विमानतळावर उभा असेल, यावर आईचा विश्वास बसत नाही. तिने मला दोनदा विचारलंय, तो उठेल ना म्हणून.

तिची बॅग आठवड्यापूर्वीच भरून झाली. त्यात चार फ्रॉक आहेत, चार वेगवेगळ्या मापांचे. तुझ्या पोरीच्या दर वाढदिवसाला एक शिवला आणि कपाटात ठेवला. पोस्टाने पाठवू म्हटलं तर नाही म्हणाली, अंगावर घालून बघितल्याशिवाय शिवणं पुरं होत नाही म्हणे. माप कसं घेतलं ते ऐक. तू पाठवलेल्या फोटोत पोरगी फ्रिजशेजारी उभी असते. आईने फ्रिज साडेपाच फूट धरला, फोटोवर टेप लावली आणि हिशोबाने पोरीची उंची काढली. त्यात तू मधे एकदा फ्रिज बदललास, त्यामुळे तिसरा फ्रॉक गुडघ्याच्या बराच खाली जाईल असं तिलाच वाटतंय. पहिले दोन तर आता लहानच होणार, पण चारही नेणार आहे.

पोरगी झाली तेव्हाची गोष्ट तुला आठवायला नको, पण मला लिहायला हवी. आईला एकटीला पाठवणं हा माझा निर्णय होता. मधल्या त्या भल्यामोठ्या विमानतळावर विमान बदलायचं होतं. तिथे कसलीच घोषणा करत नाहीत, पाटीवर बघायचं आणि उठायचं. मी तिला फाटकाचा नंबर पाठ करून घेतला होता आणि ती बरोबर त्याच फाटकासमोर जाऊन बसली होती, पर्स मांडीवर घेऊन. ती वाट बघत होती नाव पुकारण्याची. डॉक्टरांकडे पुकारतात तसं. समोरून माणसं उठून गेली, फाटक बंद झालं, विमान गेलं, आणि ही तशीच बसलेली. घाबरली नव्हती, तिला अपमान वाटला होता. माझं नावच घेतलं नाही कुणी, असं ती कितीतरी दिवस म्हणत होती. पुढच्या विमानात बसवतो म्हणाले तर ऐकेना, मला परत पाठवा म्हणून हटून बसली. आणि तू बाळंतीण बायकोला घरी ठेवून तिकडच्या विमानतळावर सात तास उभा. त्या दिवशी तू मला जे बोललास ते मी मनात ठेवलेलं नाही. चूक माझीच होती. इथून उठून थेट तिथेच उतरणारं विमान असेल तर येईन, नाहीतर नाही, हे तिने तेव्हाच सांगून टाकलं. आणि आपली आई एकदा नाही म्हणाली की संपलं.

म्हणून चार वर्षांपूर्वी थेट विमान सुरू होणार अशी बातमी आली तेव्हा तू मला कधी नव्हे तो सकाळी सकाळी फोन केला होतास. आणि महिन्याभराने ते बारगळलं तेव्हाही केलास. म्हणालास, ताई, तू तिथे बसून साऱ्या जगाच्या विमानांना वेळा वाटतेस, आपल्यासाठी एक वेळ निघाली नाही का. मी म्हणाले, ते वरून ठरतं, माझ्या हातात काही नसतं.

ते खोटं होतं. वर कुणी नाही रे. वरच्या मजल्यावर कॅन्टीन आहे.

आमच्याकडे धावपट्टी एकच. तासाला छत्तीस विमानं, म्हणजे उतरणारी आणि उडणारी मिळून. सदतिसावं बसत नाही, कितीही पोट आत घेतलं तरी. ज्या कंपनीला एक वेळ मिळाली तिने हंगामात शंभरातले ऐंशी दिवस ती वापरली की पुढच्या वर्षी ती तिचीच. तुझ्या गावच्या विमानाला सकाळी आठ दहाची वेळ हवी होती, आणि ती एका छोट्या विमानाकडे होती. चाळीस खुर्च्यांचं, पाऊण तासावरच्या गावाला जाणारं आणि बहुतेक वेळा अर्धं रिकामं. त्या हंगामात त्यांचे ऐंशी भरायला दोनच दिवस कमी पडत होते. पण दोन दिवस धुक्यामुळे विमान उडालं नव्हतं, आणि धुक्याचा दिवस कंपनीच्या माथी मारायचा नाही असा नियम आहे. मी ते दोन दिवस कंपनीची चूक धरले असते तर ती वेळ सुटून तुझ्या विमानाला मिळाली असती, आणि कुणी विचारायला आलं नसतं. तक्ता माझ्या टेबलावर, सही माझी. मी सबंध दुपार तो कागद पुढ्यात घेऊन बसले होते. पण धुकं मी स्वतः खिडकीतून बघितलेलं होतं. मी धुकं असं लिहिलं, आणि तुझ्या विमानाला नकार लिहिला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते तुला खरं न सांगितल्याचं.

त्या नकाराखाली मी एक ओळ जोडली होती, दुपारी दोन चाळीस मोकळी आहे. तुझ्या गावच्या विमानवाल्यांनी नको म्हटलं. पुढच्या हंगामात पुन्हा लिहिली, पुन्हा नको. एवढ्या लांबच्या विमानाला इतर गावांहून सकाळी येणारे प्रवासी लागतात, दुपारी ते मिळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ऑफिसात मला दोन चाळीस मॅडम म्हणायला लागले. या वर्षी त्यांच्याकडे नवं विमान आलं, आकाराने लहान पण तेवढंच लांब जाणारं. त्याला इतकी गर्दी लागत नाही. माझी ओळ आठव्यांदा गेली आणि हो आलं. मी प्रसाधनगृहात जाऊन रडले आणि तोंड धुऊन पुन्हा कामाला बसले.

हे पत्र मी आईच्या पर्समध्ये औषधांच्या कप्प्यात ठेवलंय आणि चहा झाल्यावर तुला द्यायला सांगितलंय. तिच्यासमोर तू आवाज चढवत नाहीस, हे माहीत असल्याने मी थोडा कावेबाजपणा केलाय. आता खरं काम सांगते. आई महिनाभर राहील. सहा वर्षं तू आला नाहीस, रजेतले चार दिवस विमानतळांवरच जातात म्हणत होतास, आणि त्यात मी होते हेही मला कळत होतं. आता तो प्रवास एका दिवसाचा झालाय. आईच्या परतीच्या तिकिटावर तिची जागा खिडकीची आहे. शेजारच्या तीन जागा मी तुमच्या तिघांच्या नावाने धरून ठेवल्यात, विचारल्याशिवाय. रागावला असलास तर रागावलेलाच ये. दुपारी बारा पन्नासला ते विमान उतरतं, आणि माझ्या खिडकीतून धावपट्टीचं ते टोक नीट दिसतं. खाली दाराशी मी तुमची चौघांची नावं स्वतः पुकारणार आहे, आईचं सगळ्यात आधी.

तुझीच,
एकदाच खोटं बोललेली ताई