पाती कुठे घडली

मी, नाजिमा रियाज शिकलगार, वय बासष्ट, राहणार मंडईमागे, पुणे, पूर्ण शुद्धीवर असून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही आणि गोड बोलूनही लिहून घेतलेले नाही. माझी शाळा तिसरीत सुटली. पुढचे वाचन मी कात्र्या गुंडाळायच्या रद्दीवर शिकले. भाषा चुकली तर समजून घ्यावे. मजकूर चुकलेला नाही.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव माझा मुलगा अरफात व मुलगी तरन्नुम यांना शरियतप्रमाणे मिळावी. घर विकायचे झाल्यास आधी एकमेकांना विचारावे, वकिलाला नंतर.

२. माझे चांदीचे पानदान जाऊ परवीन हिने एका लग्नासाठी नेले, त्याला अकरा वर्षे झाली. ते आता तिचेच समजावे. मात्र "नाजिमानंच दिलं" असे तिने सांगत फिरू नये.

३. पुस्तकांच्या दोन पेट्या तरन्नुमने घ्याव्यात. अरफात त्या नुसत्या ठेवील.

४. कारखान्याचा गाळा माझ्या नावावर आहे. तो, भट्टी, धारेची दोन्ही यंत्रे आणि आमच्या नावाचा ठसा श्री. ज्ञानदेव गेनबा शितोळे यांना द्यावा. वारसांबाहेर मला तिसरा हिस्साच देता येतो. हे त्यात बसते, वकिलांनी पाहिले आहे. मुले विचारतील, कारागिराला का?

५. त्याचे उत्तर असे.

आमच्याकडे शिंप्यांच्या कात्र्या होतात. पाती तापवून, पाणी देऊन कडक करायचे काम ज्ञानदेवरावांचे, धार आणि जोडणी माझ्या पतीची. एकतीस वर्षे दोघे एका डब्यातून जेवले. माल हुबळीच्या पुढे कधी गेला नव्हता. २०२२च्या मे महिन्यात अमिरातींशी मुक्त व्यापार करार लागू झाला. निर्यातदारांच्या सभेत मी पहिल्या रांगेत बसून लिहून घेतले: माल इथेच घडला असे प्रमाणपत्र जोडले, की तिथली जकात माफ. शारजाच्या व्यापाऱ्याला आमची कात्री महाग पडायची, ती परवडू लागली. एक खेप गेली, दुसरी गेली, आम्ही चार माणसे नवी ठेवली. करारात खोट नव्हती. त्याने आम्हाला खरेच वाढवले.

तिसरी खेप मोठी होती आणि रमजानच्या आधी पोचायची होती, कारण तिथल्या शिंप्यांचे ईदचे शिवण तेव्हाच असते. माझे पती तोवर अंथरुणाला खिळले होते. ज्ञानदेवराव म्हणाले, "भाभी, पाण्याला घाई चालत नाय. निम्म्याच होतील. तसं कळवा त्यांना."

मी कळवले नाही. त्यांना गावच्या जत्रेसाठी चार दिवस सुट्टी दिली. त्यांनी मागितली नव्हती. मुंबईहून चिनी पाती आणली, त्यांवर आमचा ठसा मारला आणि माल इथेच घडला, या कागदावर सही केली. तो नियम माझ्या पतींना वाचता आला नसता. मला येत होता. मी दोनदा वाचला आणि मग सही केली.

शारजात कात्र्या बोथट निघाल्या. चौकशीला प्रमाणपत्राच्या कार्यालयातले साहेब आले. मी म्हणाले, "पात्यांचं सगळं ज्ञानदेवराव बघतात." वाक्य खरे होते, म्हणून लाज अधिक वाटते. ज्ञानदेवरावांनी माझ्याकडे एकदा पाहिले, एप्रन घडी करून ठेवला आणि गेले. दंड भरून प्रकरण मिटले, त्यांचे नाव मात्र गेले. पतींनी अंथरुणातून विचारले, "ज्ञानूनं केलं?" मी हो म्हणून मान हलवली. ते हेच खरे मानून गेले. जनाज्याला ज्ञानदेवराव रस्त्याच्या पलीकडे उभे होते.

आता ते खराडीत एका ऑफिसच्या फाटकावर असतात. अरफात तिथेच कामाला आहे. एकदा हसत सांगत होता, "अम्मी, आज ज्ञानदेवकाकांनी माझं ओळखपत्र तपासलं. म्हणाले, खरंच तुझं हाय ना?"

६. पाचवे कलम माझ्या मृत्यूनंतर कारखान्यात सर्वांसमोर वाचावे. (हे कलम खोडले आहे.)

खोडण्याचे कारण: सहीपूर्वी मी हा कागद घेऊन खराडीला गेले आणि फाटकाजवळच्या बाकावर ज्ञानदेवरावांना सगळा वाचून दाखवला. त्यांनी मध्ये अडवले नाही. शेवटी म्हणाले, "भाभी, तुमचं वय काय?"

"बासष्ट."

"माझं सत्तर हाय. मग आधी कोण जाणार?"

मी कागदाची घडी केली.

"गाळा राहू द्या. रियाजभाईंना काय आता वाचून दाखवता येत नाय. बाकीचे हायेत अजून."

म्हणून सहाव्या कलमाऐवजी असे: येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता पाचवे कलम मी स्वतः कारखान्यात उभी राहून मोठ्याने वाचेन. प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाला त्याची प्रत पाठवली आहे. चौथे कलम कायम आहे. नको म्हणायचा हक्क ज्ञानदेवरावांना आहे.

खाडाखोडीजवळ आणि खाली सही माझीच.

नाजिमा रियाज शिकलगार

आमच्यादेखत सही केली:
डॉ. कल्याणी सहस्रबुद्धे, शेजारी
तन्वीर शिकलगार, दीर (पाचवे कलम दोनदा वाचले, मग सही केली.)

पुणे, १४ नोव्हेंबर २०२५

समासात, ता. १७: वाचले. ज्ञानदेवराव दारापर्यंत आले होते. आत आले नाहीत, पण शेवटपर्यंत थांबले.