लुकंड्याचं गवत

सोमवार, ५ मे

टाळ्या वाजवल्या म्हणे! "ग्रामसभेने टाळ्यांच्या गजरात योजनेस मान्यता दिली" – असं छापलंय. गुळगुळीत कागद, वर हिरव्या पानाचं चित्र. इंदुनांच्या माणसाने सकाळी आणून दिला आणि मी तो उभ्या उभ्या तीनदा वाचला. 

टाळ्या वाजवल्याच. वाजवणार नाहीत तर काय! इथे पाहुणा बोलायचा थांबला की माणसं गुडघ्यावर बसतात, तळव्यांची वाटी करतात आणि हळूहळू टाळ्या वाजवतात. इंदुना गावचे प्रमुख, ते नुसते खाकरले तरी वाजवतात. नमस्कार आहे तो. 'ऐकलं, आपण आलात, बरं वाटलं' – संपला अर्थ. वाईट बातमी आणणाऱ्यालासुद्धा आधी टाळ्या मिळतात, रडणं मागाहून. उद्या कुणी माझा नमस्कार घेईल आणि म्हणेल, बाईंनी घर माझ्या नावावर केलं!

योजना अशी. ऑक्टोबरात माळाला वणवे लागतात, त्यांचा धूर फार. म्हणून एका कंपनीने आधीच, जूनमध्ये, गवतात ओल असताना माळ जाळायचे. धूर कमी. जो धूर झाला नाही तो मोजायचा आणि दूरदेशी विकायचा. अभाव हाही एक पदार्थ आहे, असं आमचे न्यायशास्त्राचे गुरुजी पुण्यात घसा फोडून शिकवायचे. मी मागच्या बाकावर हसायची. चुकले, गुरुजी. अभावाला गिऱ्हाईक मिळालं.

३ जूनला लुकंड्याची, म्हणजे आमच्या गावाची पाळी. नकाशात वन्संचं कुरण अगदी मधोमध आहे.

फेब्रुवारीच्या पावसात वन्संच्या घराचं छप्पर बसलं. तेव्हापासून त्या आमच्या मागच्या खोलीत राहतात आणि रोज एकदा तरी म्हणतात, खोली चांगली आहे, पण माझी नाही. जुलैच्या मध्यावर गवत पिवळं होणार, मग कापणी, मग शाकारणी, नोव्हेंबरात पाऊस. जूनमध्ये जळालं तर पुढल्या वर्षापर्यंत एक काडी नाही. बारा बायकांचा त्या कुरणावर हक्क आहे, पण छप्पर बसलं ते वन्संचंच.

माझा नवरा मुबिता म्हणाला, "ताई रडली का?" नाही. रडल्या असत्या तर मला एवढा राग आला नसता.

बुधवार, ७ मे

सेनांग्याला कंपनीच्या कचेरीत गेले. तिथला साहेब सितुंबेको, तिशीतला. मुलगा गोड आहे, हेच वाईट. उद्धट माणसावर चिडणं सोपं असतं.

त्याने फोनवर सभेचं चित्रण दाखवलं. "बघा ना मॅडम, आज्यासुद्धा वाजवतायत." आडनाव इथल्या लोकांचं, लोझी, रंगरूप लोझी, पण वाढला राजधानीत. मी विचारलं, तुझी आजी टाळ्या वाजवायची तेव्हा काय सही करत असायची का? तो हसला. मग हसायचा थांबला. म्हणाला, आजी तो लहान असतानाच गेली. मला वाईट वाटलं – आणि वाईट वाटल्याचा आणखी राग आला.

कुरण वगळायचं असेल तर इंदुनांचा लेखी आक्षेप हवा, म्हणे. शिक्क्यासह. १५ तारखेच्या आत. संमतीला टाळ्या पुरतात, नकाराला शिक्का लागतो!

गुरुवार, ८ मे

वन्संना सांगितलं. म्हणाल्या, "कागदाचं तू बघ." आणि शेंगा सोलत बसल्या.

सोमवार, १२ मे

वन्सं आणि मी इंदुनांकडे गेलो. त्यांचं नाव बो मुकेलाबाई. 'बो' म्हणजे आपलं 'राव', आणि बाई नव्हेत ते, चांगले सहा फुटी पुरुष आहेत. इथे येऊन तेवीस वर्षं झाली, ते नाव ऐकून मला अजून हसू येतं. आज आलं नाही.

कंपनीने गावाला पाण्याचा पंप कबूल केलाय, हे तेव्हा कळलं. बो मुकेलाबाई आपल्या बुटांकडे बघत बोलत होते. पंपाने किती बायकांची पायपीट वाचेल, मुलं कशी आजारी पडणार नाहीत. सगळं खरं होतं. खरं बोलून माणसाला गप्प करता येतं, हे मी आज पाहिलं.

वन्सं गुडघ्यावर बसल्या. टाळ्या वाजवल्या, नीट, पुरेसा वेळ. मग म्हणाल्या, "आपण आमचे वडील. माझ्या आईने याच कुरणातलं गवत आपल्या वडिलांच्या घराला दिलं होतं. शाकारताना छपरावरून पडली, वर्षभर लंगडली. त्याचं मी काही मागत नाही. एवढंच सांगते, पंपाचं पाणी डोक्यावर पांघरता येत नाही."

पुन्हा टाळ्या वाजवल्या.

बो मुकेलाबाईंनी सही केली. शिक्का शोधायला अर्धा तास लागला. तांदळाच्या पिशवीखाली होता.

गुरुवार, १५ मे

नाही म्हणाले!

सितुंबेकोचा फोन आला. म्हणे, कुरण वगळता येईल, पण त्याच्या बदल्यात तेवढाच माळ दुसरीकडे जाळावा लागेल. उपग्रहाच्या चित्रात या भागात ठरलेलं काळं दिसलंच पाहिजे, नाहीतर वर्ष फुकट. आणि दुसरीकडे या वर्षी जागा नाही. मी विचारलं, तुमच्या उपग्रहाला बायका दिसतात का? तो – प्रामाणिकपणे! – म्हणाला, "इतकं बारीक नाही दिसत, मॅडम."

पूर्वीचे फोन आपटता यायचे. ते एक सुख गेलं.

बुधवार, २१ मे

हा यज्ञ कोणाचा, असा विचार दिवसभर डोक्यात. यजमान परदेशी बसलाय, ऋत्विज ट्रकमधून येणार, पुण्य चित्रात दिसणार. समिधा तेवढ्या आमच्या.

बाराजणींतल्या दोघी आजच विळे घेऊन कुरणात गेल्या. आता कापू, कच्चं तर कच्चं. वन्सं मागोमाग गेल्या. मी म्हटलं, आता भांडण होणार. झालं नाही. त्यांनी गवताचं एक ताट मोडून बोटांत पिळलं, हिरवं पाणी निघालं, ते एकीच्या हातावर पुसलं. "काप ना. मी कुठे नको म्हणते? पहिल्या पावसात कुजलं की हाक मार. मी येऊन वर छत्री धरीन."

विळे परत आले. हसतच आले. मला मात्र हसू येईना. हसण्यावारी नेण्यासारखं काय उरलंय?

सोमवार, २६ मे

हात भाजलाय, डावी भुवई अर्धी गेली आहे, तरी लिहिते.

वन्संनी बेत कोणालाच सांगितला नव्हता. दुपारी म्हणाल्या, बादल्या घे. कुरणावर गेलो तर सगळ्याजणी हजर. शिवाय नांबोम्याहून मा-मोंडे, म्हणजे मोंडेची आई, सहा बायका घेऊन आली होती, तासभर चालत. (इथे बायकांना मुलांच्या नावाने हाक मारतात; मी मा-लिसेली.) त्यांच्या गावालाही असंच कुरण आहे. नकाशात त्यांची पाळी पुढल्या वर्षी. "आज तुमचं, उद्या आमचं," म्हणाली. हातात ओल्या फांद्या.

सूर्य टेकल्यावर वन्संनी मूठभर गवत ओरबाडलं, गालाला लावून ओल पाहिली, फेकलं. थोड्या वेळाने पुन्हा. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "आता." कुरणाच्या कडेने, दहा पावलं रुंदीची पट्टी पेटवायची, आतल्या बाजूला बायकांनी फांद्यांनी झोडपत चालायचं. आमच्याकडे जंगलखातं काढतं तशी जाळरेषा. कंपनीच्या माणसांनी बाहेरून कितीही पेटवलं तरी आग या काळ्या जमिनीशी येणार आणि उपाशी परत जाणार. वन्संच्या आईची रीत. आग इतकी शहाण्यासारखी चालताना मी कधी पाहिली नव्हती. नकळत तोंडातून 'अग्नये स्वाहा' निघालं. वन्सं म्हणाल्या, "देवाला मागून बोलाव. आधी बादली."

एका ठिकाणी ज्वाळा आत वळली. मा-मोंडे तिच्यावर सरळ चालून गेली, फांदी घेऊन, अनवाणी. कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेचा काठ जळाला तिच्या. विझवूनच मागे आली.

पूर्ण वेढा झाला. मधलं गवत तसंच उभं.

मंगळवार, ३ जून

आले. पिवळे डगले, डिझेल ठिबकणाऱ्या मशाली, सितुंबेको पुढच्या सीटवर. काळा वेढा बघून खाली उतरला आणि बुटाच्या टोकाने राख उकरून पाहिली.

वेढा ओलांडून आत जाऊन पेटवणं त्याला अवघड नव्हतं. पण आत गवतात बारा बायका उकडलेल्या शेंगा खात बसल्या होत्या. नुसती डोकी दिसत होती. टरफलं उडवत होत्या. एकीने त्याला बोलावलंसुद्धा, ये, तुलाही ठेवल्यात.

तो फोनवर कोणाशी तरी बोलत राहिला. मी वहीत सगळं टिपत होते – पेपरात अधूनमधून लिहिते मी, आज मजकूर मिळाला, उद्याच पाठवते! मग वन्सं उठल्या. काळ्या पट्टीवरून चालत आल्या, घोट्यापर्यंत राख. त्याला झाडाखाली घेऊन गेल्या. मी निघाले तर हात वर करून म्हणाल्या, "तू तिथेच थांब."

उन्हं डोक्यावर येईपर्यंत दोघं बोलत होती. मग ट्रक परत गेला. काय बोललात, विचारलं. "गवताबद्दल," म्हणाल्या.

बुधवार, ४ जून

चार पानं लिहिली. एका दमात. टाळ्या, शिक्का, उपग्रह, पंप – कोणाला सोडलं नाही. इतक्या रागाने आणि इतकं बरं मी कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतं.

वन्संना लोझीत वाचून दाखवलं. उपग्रहापाशी मनसोक्त हसल्या. डोळे पुसले. मग म्हणाल्या, "पाठवू नकोस अजून."

का?

"अजून म्हटलं ना."

सोमवार, ९ जून

लुकंड्याचं कुरण नकाशातून काढलं! कागद आला, तोच गुळगुळीत, तेच हिरवं पान. इंदुनांच्या अंगणात बायका नाचल्या. बो मुकेलाबाईही दोन पावलं नाचले. पंपही येणार म्हणे. मी घरी येऊन चार पानांची शेवटची ओळ बदलत बसले होते, तेवढ्यात वन्सं दारात. अंगात पिवळा डगला.

उद्यापासून ट्रकवर जाणार. जाळणाऱ्या टोळीच्या मुकादम म्हणून.

मला नको इतके शब्द सुचले. त्या शांतपणे ऐकत होत्या. "ती पोरं भर उन्हात पेटवतात, मा-लिसेली. झाडं करपवतात. त्यांना दव कळत नाही."

म्हटलं, मग करपू दे त्यांचं तोंड! तुम्ही कशाला त्यांचा डगला घालता?

"खिसे आहेत त्याला."

मी हसले नाही. यांच्यासाठी मी शिक्का शोधत तांदळाच्या पिशव्या उचलल्या, भुवई जाळून घेतली! तसं बोलूनही दाखवलं. आणखीही एक वाक्य बोलले, ते इथे लिहीत नाही. मुबिता उठून बाहेर गेला.

वन्सं म्हणाल्या, "तुला लिहिता येतं, तू लिहितेस. मला जाळता येतं." मग मक्याचं घट्ट बुहोबे जेवल्या, ताट धुतलं. माझंही धुतलं.

शनिवार, १४ जून

गवताला तुरे आलेत. वन्सं उजाडायला जातात, संध्याकाळी धुराचा वास घेऊन येतात. बोलणं नाही.

मंगळवार, १७ जून

नांबोम्याचं कुरण आज पहाटे जळलं. आमच्या बदल्यात, पुढल्या वर्षीची पाळी अलीकडे ओढून. तेवढंच काळं, मोजून. मशाल वन्संच्या हातात होती. एकही झाड करपलेलं नाही म्हणतात.

वन्सं मागे मासे साफ करत होत्या तेव्हा मा-मोंडे आली. आत आली नाही. मी पाणी पुढे केलं, घेतलं नाही.

"तुम्ही पेपरात लिहिता ना," म्हणाली. "मग लिहा. मशाल धरणारीचं नाव घालून लिहा."