साडेचार इंच

आप्पा,

तुमच्या गाडीची चाकं बदलायला आज सकाळी सात रस्ता चौकात गेले होते. तुमचं दुकान होतं तिथून चार दुकानं पुढं. तुमच्या जागेत आता मोबाइलची कव्हरं विकतात. गाडी अजून चांगली आहे. तुम्ही ती दोनच वर्षं चालवलीत, पुढची दहा मी चालवली आणि आता तुमची नात चालवणार. तिला वैरागला बँकेत नोकरी लागली आहे. सोमवारपासून जुळे सोलापुरातल्या आपल्या घरून रोज एकटी जाऊन येऊन करणार. मागच्या महिन्यात एका खड्ड्यात पुढच्या डाव्या चाकाची लोखंडी डिस्क वाकली, तेव्हा तिनं ठरवलं की चारी चाकं बदलून टाकू. मैत्रिणीच्या भावानं स्वतःच्या गाडीची काढून ठेवलेली चार काळी अलॉय तिनं आणली आणि दोन दिवस गॅलरीत बसून जुन्या टूथब्रशनं घासली. "आई, आपली पाच भोकांची, ही पण पाच भोकांची. आता त्यात बघायचं काय?"

काय बघायचं ते मला माहीत होतं. भोकं ज्या गोलावर असतात, त्या गोलाची रुंदी जुळावी लागते. दुकानदार त्याला पीसीडी म्हणतात, तुम्ही नुसतं माप म्हणायचात. चार नटांच्या चाकाला समोरासमोरच्या भोकांवर पट्टी धरता येते, पण पाचात समोर भोकच नसतं. म्हणून तुमची ती पद्धत. चाक काढल्यावर गाडीला जे पाच स्टड, म्हणजे नट चढवायचे आट्यांचे दांडे, राहतात त्यांच्या टोकांना ग्रीस लावायचं आणि एखादी जाड लग्नपत्रिका कोऱ्या बाजूनं त्यावर दाबायची. पाच काळे ठिपके उमटतात. तो कागद नव्या चाकाच्या मागं धरायचा. दुकानात खिळ्याला अशा पत्रिकांची माळच असायची. अख्ख्या सोलापूरची लग्नं तुम्ही उलटी टांगलीत, असं आई म्हणायची.

या गाडीचा ठसा डॅशबोर्डच्या खणात विम्याच्या कागदांखाली होता. इतकी वर्षं मी तो पाहिला होता, बाहेर काढला नव्हता. पत्रिका माझ्याच लग्नाची आहे. उरलेला गठ्ठा तुम्ही दुकानात नेला होतात, त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. मागं पाच ठिपके आणि तुमच्या अक्षरात दोन ओळी: साडेचार इंच. बसलं तरी काढून बघ.

दुकानातला फिटर माझ्याच वयाचा. पत्रिका पाहून म्हणाला, "ताई, आमंत्रण द्यायला आलाव का चाक बसवायला?" ती चाकाला लावली तर ठिपके भोकांत आले, पण मधोमध आले नाहीत. का माझा चष्मा तसा आहे, मला कळेना. त्यानं चाक ढकललं, ते आत गेलं, नट लागले. "बसलं की! साडेचार म्हंजे एकशे चौदा. हे एकशे बारा आसंल. दोन मिलिमीटरनं काय हुतंय? लई जण घालत्यात." तुमची नात टाळ्या वाजवायची तेवढी राहिली होती. तिनं फोटोही काढला.

मी म्हटलं, "आता नट परत काढा."

"काढायचंच हुतं तर लावलं कशापायी?"

मला हसू आलं. तुमची गिऱ्हाइकं अगदी हेच म्हणायची, आणि तुम्ही पाना फिरवत राहायचात. फिटरनं तीन नट काढले. नट जिथं टेकतो ती भोकाची उतरती कड सगळीकडून सारखी घासायला हवी. घासलेली जागा पूर्ण गोल चकाकली तर चाक बसलं. इथं एका बाजूला चंद्रकोर चकाकत होती, उरलेला काळा रंग जसाच्या तसा. नट एका अंगावर उभे होते. गाव सोडून रस्ता मोकळा झाला की चाक थरथरलं असतं, आणि रोज तेवढं जाऊन-येऊन नट केव्हा ढिले झाले ते तिला कळलंही नसतं.

अशीच कोर तुम्ही मला दाखवली होती. मी एकोणीस वर्षांची आहे, कॉलेजला सुट्टी आहे, मामांच्या जुन्या गाडीला मी एकटीनं माप घेऊन दोन चाकं चढवली आहेत. मामा रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं म्हणतायत, "पोरगी लई हुशार हाय तुमची!" तुम्ही येता आणि नट काढता. मग सगळ्यांसमोर म्हणता, "मामा जातोय न्हवं तुजा ह्या गाडीतनं? आजपास्नं पान्याला हात लावायचा न्हाय." मी घरी गेले आणि दुकानात पुन्हा पाऊल टाकलं नाही. त्या संध्याकाळी तुम्ही आईला म्हणालात ते मला स्वयंपाकघरातून ऐकू आलं होतं. "तिला कळलं न्हाय. चूक माजी, मीच नीट शिकवलं न्हाय."

नातीला मी बोटानं ती कोर दाखवली. ती रागानं म्हणाली, "पण बसलं होतं की!" मग वाकून दुसरी पाहिली, तिसरी पाहिली, आणि बाकीचे नट फिटरच्या हातातून पाना घेऊन स्वतःच काढले. अलॉय परत जाणार आहेत. वाकलेल्या चाकाच्या जागी स्टेपनी चढवली. स्टेपनीच्या जागेसाठी साडेचार इंचाची एक साधी डिस्क फिटर शनिवारपर्यंत शोधून ठेवणार आहे. ती बसवताना पत्रिका घेऊन मी पुन्हा जाईन.

परत येताना तीच चालवत होती. मी तिला मामांच्या गाडीची गोष्ट सांगितली. तिनं विचारलं, "तुला तेव्हा कळलं नव्हतं का?"

मी म्हटलं, "नाही."

आप्पा, मला कळलं होतं. तिसऱ्या नटाला पाना तिरका जाऊन अडकला होता. मामा माझं कौतुक करत होते, म्हणून मी जोर लावून तो फिरवला. आजही ती फोटो काढत होती तेव्हा क्षणभर वाटलं, राहू दे. पत्रिका मी खणात परत ठेवली आहे. हे पत्र तिथं ठेवणार नाही. गाडी आता तिची आहे, ती खण उघडेल.