एकवीसचा अजिंक्य सिद्धांत

नेर, ३ जून २००६

चि. दीपा हिस मामाचे अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

आमचा जिनिंगचा, म्हणजे सरकी काढण्याचा, कारखाना कायमचा बंद झाल्याने अस्मादिकांची कापूस-प्रतवारीची विद्या अनाथ झाली. तिला मी नवे क्षेत्र दिले आहे. तू पणजीच्या कॅसिनो-जहाजावर ज्या एकवीसच्या खेळाचे पत्ते वाटतेस, त्याचा अजिंक्य सिद्धांत मी सिद्ध केला. हरताच पुढचा डाव दुप्पट लावावा. एक विजय सर्व हानी भरून काढतो. तुझ्या मामीस पत्ते वाटावयास बसवून चिंचोक्यांवर चाळीस दिवस प्रयोग केला. चाळीसही दिवस विजय! नोकरी सुटताना मिळालेले साठ हजार घेऊन आषाढात येतो. मामीस त्यांत पिठाची चक्की हवी आहे. दृष्टीचा संकोच, दुसरे काय!

मामावरील माया चढत्या भाजणीने राहो.

सिद्धांतकर्ता डोमाजी

पणजी, ११ जून

ती. मामांस सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. आमच्या टेबलावर डाव शंभरापासून दहा हजारांपर्यंतच लावता येतो. शंभरापासून दुप्पट करत सात वेळा ओळीने हरलात की बारा हजार सातशे गेले, आणि आठव्यांदा दुप्पट लावायची परवानगीच नाही. परवा एका वकीलसाहेबांविरुद्ध मी ओळीने नऊ वेळा जिंकले. शिवाय पत्ता आधी तुम्ही घेता. तुमची बेरीज एकवीसच्या वर गेली की पैसे आमचे, मग माझे पत्ते कितीही वाईट निघोत. चाळीस दिवसांचे कोडे मात्र सुटत नाही. मामींना वेगळे पत्र टाकून विचारते आहे.

रागवावे, पण भाचीवरचा हात काढू नये.

तुमची दीपा

नेर, १७ जून

चि. दीपास मामीचा जयभीम.

पोरी, त्यात कोडं कायचं? हे हरले का ताटावर येत नाही. म्हून हे जिंकेपर्यंत मी पत्ते वाटतच राह्यते. जिंकले का म्हणते, झालं, उठा आता. चिंचोके सरले तं डब्यातले आणखी देते. जिनिंग बंद झाल्यापासून माणूस पह्यल्यांदा हासत होता, मले सांगाची हिंमतच नाही झाली. आता तं गोव्याचं तिकीट काढून आले. चक्कीचे पैसे पाण्यात जातीन. आज सांगतेच, मंग काहीही होवो.

तुह्या जिवाले जप.

तुही मामी मथुरा

नेर, ३० जून

चि. दीपा हिस अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

मामीने तुझे पत्र व स्वतःचा अपराध एकाच श्वासात वाचून दाखवला. मी तत्काळ नवा प्रयोग घोषित केला: चिंचोका शंभराचा, संख्या सहाशे, नियम तुझ्या जहाजाचे, वाटणारीस दया निषिद्ध. पाचव्या दिवशी सहाशेच्या सहाशे तिच्या ओच्यात! इतक्या प्रसन्न मुद्रेने मला आजवर कोणी लुटले नव्हते.

सिद्धांत अबाधित आहे, दोष तुमच्या टेबलांचा. तथापि तिकीट परत केले आणि साठ हजार मामीच्या हाती दिले. बुधवारी चक्की येते. वजनकाट्यावरील पदासाठी तिने माझी रीतसर मुलाखत घेतली. जिनिंगमधील सव्वीस वर्षांचा अनुभव मी सविस्तर निवेदन केला. महिनाभर काम पाहीन, मग कायम करायचे की नाही ते ठरवीन, असे ती म्हणाली.

या एका निकालाचे भाकीत करण्यास मी नम्रपणे नकार दिला आहे.

तुझ्या स्नेहास पात्र राहू इच्छिणारा,
उमेदवार डोमाजी