पेट्रोलकोठीच्या मागे

बडोदे, ६ जानेवारी २०२५

ती. मृदुलाताईस,
धाकट्या वामनचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुला फोनवर ऐकू येईनासे झाले आणि माझ्या बोटांना पुन्हा शाई लागली, हे एका परीने बरेच झाले. काल तरसालीपलीकडच्या, लढाईच्या वेळच्या त्या ओसाड विमानतळावर जाऊन आलो. तिथे आता उंच इमारती होणार, असे पेपरात वाचले आणि राहवेना. नाना तिथे ओव्हरसियर होते, तू तिथल्या क्वार्टरपुढे खेळलीस, हे सगळे माझ्या जन्माआधीचे. मी नुसते ऐकलेले. सूनबाई योगिनी रिक्षात सोबत होती आणि वाटभर रागावलेली होती.

ताई, काय सांगू! धावपट्टी भेगाळली आहे, भेगांतून गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, वर आला आहे. विमाने लपवायच्या विटांच्या कमानींत शेळ्या बसतात. पेट्रोलच्या कोठीला छप्पर नाही. पट्टीच्या मधोमध उभा राहिलो, तर वर एवढे मोठे आभाळ आणि त्यात एकच घार. शाळेत बाकावर उभे राहून कविता म्हणायचो, त्या चालीत ओळी आपोआप सुरू झाल्या. पहारेकऱ्याने विचारले, काका, फ्लॅट बुक करवा आव्या छो? मी म्हटले, विमान पकडायला आलोय. त्याने योगिनीकडे फार दयेने पाहिले.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस ना?

आहे तशी माया राहू दे.
वामन


इंदूर, १५ जानेवारी

चि. वामन यास,
मृदुलाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत तिळगूळ आहे, दात सांभाळून खा. तुझी घार आणि आभाळ वाचले. ऐंशीचा झालास तरी वर बघत चालणे सुटले नाही. आता जरा खाली बघ.

त्या पेट्रोलकोठीच्या मागे आपला भाऊ आहे. तुझ्याआधीचा. आईने तोंडातून काढू दिले नाही, पण आता आई नाही, नाना नाहीत, आणि माझेही काही खरे नाही. तो झाला तेव्हा थंडी होती. बाराव्या दिवशी बारसे ठरलेले. आत्या सांगलीहून टोपडे शिवून घेऊन आली आणि बारशाआधीच बाळ गेले. तान्ह्याला अग्नी देत नाहीत. नानांनी त्याला धोतरात गुंडाळून कोठीमागे पुरले आणि वर कमानींच्या उरल्या विटांचा चौथरा रचला. मी मागोमाग गेले होते. नानांनी मला हाकलले नाही, विटा द्यायला लावल्या.

नाव ठरलेले होते. आई म्हणाली, ते वाया नको जायला. तू झालास तेव्हा आत्याने तेच तुझ्या कानात सांगितले.

यंत्रे पोहोचायच्या आत त्याला तिथून काढ आणि चांदोदला नर्मदेत सोड. कोणाच्या मोरीखाली तो नको. मला येववत नाही म्हणून तुला सांगते. आणि तिथे कविता करत उभा राहू नकोस.

रागावते ती तुझीच,
मृदुला


बडोदे, २९ जानेवारी

ती. ताईस,
वामनचा नमस्कार. वि. वि. काय लिहू?

तुझे पत्र वाचल्यावर आरशासमोर दाढीला बसवेना. योगिनीला सांगितले. तिने कॉलेजात रजा टाकली. चौथरा सापडला, ताई. विटा खचल्या होत्या, पण कोपरे काटकोनात. नानांचा हात. पहारेकरी खणू देईना, म्हणून मकरपुऱ्यात बिल्डरच्या ऑफिसात गेलो. तिथला तरुण फार सभ्य. बेसो काका, म्हणत चहा दिला आणि अर्ज मागितला. योगिनी कानात सांगत होती की ‘अनामिक बालक’ लिहा, बाबा. मी ऐकले नाही. त्याला नाव होते ना? ते मी जन्मभर वापरले. एका कागदावर तरी त्याचे त्याला परत द्यावे, असे वाटले. मृताचे नाव वामन. अर्जदाराचे नाव वामन. दोघांचे वडीलही तेच.

त्याने ते दोनदा वाचले आणि हळूच योगिनीला विचारले, काकांना औषध चालू आहे का. तिने बारसे, आत्या, सगळे समजावले. तो म्हणाला, सोमवारी मोठे साहेब येतील तेव्हा पाहू. पण अर्जात भूल दिसते, सुधारून आणा.

सोमवारी कोठी नव्हती. तिच्या मागे पुरुषभर खड्डा होता. माती ट्रकांनी तरसालीतल्या नव्या रस्त्याच्या भरावाला गेली. कुठली खेप कुठे ओतली, ते ड्रायव्हरलाही ठाऊक नाही. रस्त्यावर गेलो. सगळीकडे तीच माती, तेच विटांचे तुकडे, वरून रोलर फिरत होता. योगिनी म्हणाली, एक मूठ घ्या, मृदुलाआत्यांना इंदुरात काय कळणार आहे. मी वाकलोही होतो. पण दुसरी कुठली माती नर्मदेत सोडून तुला तो सुटला म्हणून कसे लिहू? रिकाम्या हाताने परत आलो.

अनामिक लिहिले असते तर आज तो चांदोदला असता. माझ्या या हौसेने त्याला अडवले. शिव्या दे, पण लिही.

वामन


इंदूर, ९ फेब्रुवारी

चि. वामन आणि चि. वामन,
दोघांस आशीर्वाद.

आधी तुझा फार राग आला. लेक मालविका म्हणे, आई, जेवणाशी काय वैर? तुला लिहायला बसले आणि उठले. मूठ घेतली नाहीस, ते मात्र बरे केलेस. मला कळले नसते, पण तुला कळले असते.

मग वाटले, त्याला दुसरे नाव द्यावे, म्हणजे तुझे तुला मोकळे. आत्या कोणी उरली नाही. बारशात पाळण्याखालून फिरवतात तसा वरवंटा पुसून मीच मांडीवर घेतला. मालविका हसली नाही, दार लोटून बाहेर बसली. ‘कुर्र’ म्हटले आणि तोंड पुढे नेले. दुसरे नाव आलेच नाही, वामन.

तेव्हा आता दोघांचे एकच नाव चालू दे. माझ्या डोळ्यांचे काही सांगवत नाही. पुढचे पत्र माझ्या हातचे असेल न असेल. हे एकाने वाचावे, आणि रस्ता वाहता व्हायच्या आत तिथे जाऊन दुसऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावे. लोक वेडा म्हणतील. म्हणू देत.

तुम्हां दोघांची,
ताई