मान खाली

प्रिय चिमणे,

तुझा वकील काल दुकानात येऊन गेला. तू त्याला पाठवलंस, स्वतः आली नाहीस. असू दे. तुझ्या जागी मीही आले नसते. दुकान तसंच आहे, फक्त एक खुर्ची काढून टाकली. तुझा दादा आता कुणाची दाढी करत नाही. डावा डोळा गेल्यापासून वस्तरा किती जवळ आहे याचा अंदाज येत नाही. केस कापतो, तेही हळू. गिऱ्हाइकं म्हणतात, मालक, एक बाजू होईपर्यंत दुसरी वाढली. तो हसतो. मी मात्र सारखी काहीतरी पुसत असते. आरसा, कंगवे, पुन्हा आरसा. एका जागी बसवत नाही.

कोर्टात ऐकलेलं अजून डोक्यात फिरतं. तुझ्या मुलाच्या दोस्तांनी शेजारचं दुकान फोडलं, हे दादाने पोलिसांना सांगितलं, म्हणून ते लोखंडी नळ्या घेऊन दुकानात आले. तुझा मुलगा त्यांच्यात होता. याच दुकानात, दादाच्या हाताखाली शिकलेला. समोरचा इस्त्रीवाला साक्षीत म्हणाला, चौघं मारत होते, हा मान दाबून धरून होता. दादा म्हणाला, मला काही आठवत नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याला सगळं आठवतं. भाचा आहे, आपण तोंड उघडलं नाही तर सुटेल, असं त्याला वाटलं. झालं उलटंच. तो गप्प राहिला आणि इस्त्रीवाल्याची साक्ष तेवढी उरली. सगळ्यांना सारखीच शिक्षा. जिन्यात तू मला म्हणालीस, वहिनी, आता भरलं पोट? तो घास अजून घशात आहे.

काल वकील म्हणाला, अपिलात सहसा नवी साक्ष घेत नाहीत, पण ज्याला मार बसला त्याचंच प्रतिज्ञापत्र असेल तर अर्ज करून बघू. दादा उठला. वकिलाला खुर्चीत बसवलं. मानेमागे तळवा, कानामागे अंगठा, आणि मान खाली. नवशिक्याला तो आधी ही पकड शिकवतो. गिऱ्हाईक दचकलं तरी कान वाचतो. म्हणाला, त्याने मला असं धरलं होतं. दुसरा हात माझ्या डोक्यावर पसरलेला. मामा, मान खाली, मान खाली, असं म्हणत होता. नळी त्याच्याही बोटांवर बसली. त्याची ती सुजलेली बोटं मारताना सुजली, असं कोर्टात धरलं गेलं होतं. वकील इतका खूश झाला की खुर्चीतून न उठताच लिहायला लागला. वाचवण्यासाठी धरले.

मग दादा म्हणाला, पुढचंही लिहा. दार मोकळं होतं, मी पळायला उठलो, तेव्हाही त्याने सोडलं नाही. डोळ्यावरचा फटका त्यानंतरचा. वकील म्हणाला, अहो, हे लिहिलं तर आधीच्याचा उपयोग काय? दादा म्हणाला, मग आधीचंही नको. घाबरून सोडलं नाही की मुद्दाम, ते मला कसं कळणार? तो माझ्या मागे होता.

वकील गेल्यावर मी दादाशी भांडले. एक वाक्य गिळलं असतंस तर पोरगा घरी आला असता. आणि बोलता बोलताच मनात आलं, का यावा त्याने? दोन्ही मीच.

हे तुला वकिलाच्या तोंडून कळू नये म्हणून लिहिते आहे. वकील शेवटी तयार झाला, सही आज सकाळी झाली. दोन्ही वाक्यं आहेत. कोर्ट काय करील ते करील, तू आमच्याशी बोलशील की नाही, तेही तूच ठरव. सुनावणीला आम्ही दोघं येणार. मागच्या वेळी तू एका बाजूच्या बाकावर होतीस, आम्ही दुसऱ्या. या वेळी कुठे बसायचं, असं दादा सकाळपासून विचारतोय. त्याच्या डाव्या हाताला कुणीतरी लागतं. तिकडून कोण येतंय ते त्याला दिसत नाही.

तुझीच,
वहिनी