फ्रिजमधली सरकी

बाबा, मागच्या आठवड्यात अकरावीतल्या एका मुलीनं वर्गात विचारलं, "मॅडम, सायन्सनं माणूस कधीच मरनार नाई, असं होऊ शकते का वो?" सगळे हसले. मी नाही हसले. म्हटलं, आयुष्य वाढेल, काही रोग हटतील, पण कायमचं जगणं अजून कुणाला साधलेलं नाही आणि पुढचं मी छातीठोक सांगणार नाही. थांबायचं नावच न घेणाऱ्या पेशी असतात, त्यांनाच आपण कॅन्सर म्हणतो. हे बोलले आणि तुमचा बसलेला आवाज आठवला. पुढचा धडा काही मला शिकवता आला नाही.

वलगावच्या आपल्या स्वयंपाकघरात मृगाच्या आधी तुम्ही ओलं गोणपाट पसरायचात. त्यावर गावरान कापसाच्या शंभर सरक्या, दहा-दहाच्या ओळीत. त्या मांडायचं काम माझं. मग गुंडाळी करून माठाजवळ ठेवायची आणि पाचव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. ऐंशीच्या वर निघाले की तुम्ही आईला चहा टाकायला सांगायचात. एकदा मी मूठभर सरकी डबीत लपवली होती. तुम्हाला सापडलीच.

"काहून व लपवली?"

"पेरली तं संपून जाईन ना बाबा."

तुम्ही आधी हसलात, मग चिडलात. "अवं, डब्यात ठेवली तं मरते ते! दरसाल पेरलं तरच बी टिकते." माझे डोळे भरले तेव्हा डबीतली एक सरकी माझ्या हातावर ठेवलीत आणि अंगणात लावायला नेलंत.

आणि तरीही, बाबा, मी तेच केलं. अमरावतीच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुम्ही उशाखालून फडक्यात बांधलेली सरकी काढून दिलीत. आवाज जवळजवळ गेलाच होता. "औंदा पेरजो," एवढंच म्हणालात. मी ती अकोल्याला आणली आणि फ्रिजमध्ये ठेवली. गच्चीवर कुंड्या होत्या, वेळही होता. पण गाठ तुमच्या हातची होती, ती सोडवेना. यंदा नको, पुढच्या साली, असं करत एकोणीस वर्षं गेली. मुलांना बीज आणि अंकुरण शिकवते मी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

घर शांत असतं हल्ली. आई गेल्यापासून मला 'काहून व' म्हणणारं कुणी उरलं नाही. फ्रिज उघडला की कोपऱ्यात ते फडकं दिसायचं आणि तुम्ही घरात आहात असं वाटायचं. खरं सांगते, मला ती सरकी नको होती, तुम्ही हवे होतात.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर घरी येऊन गाठ सोडली. नखं दुखली, तुम्ही बांधायचात फार घट्ट. त्रेचाळीस निघाल्या. बाजारातून गोणपाट आणलं, ओळी मांडल्या, गुंडाळी माठाजवळ ठेवली. काल पाचवा दिवस होता. एकही कोंब नाही. दोन-तीन दाबून पाहिल्या, आत नुसता लगदा.

तुम्ही असता तर गोणपाट झटकून मोकळे झाला असतात. मी ते पुन्हा गुंडाळून माठाजवळच ठेवलंय. आज सकाळीही त्यावर पाणी शिंपडलं.